प्रकल्प नोंदी : १,७६,६३,१९,०४९

५ मे

उन्हाळी सुट्टीतील हा प्रकल्प एकाच संख्येविषयी आहे. ती संख्या एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. यंदा अकरावीची परीक्षा दिलेली माझी पुतणी आणि मी, असे दोघे मिळून ती तपासणार आहोत. मी येथील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वर्गात दहा अंकी संख्या आली की मुले ती वाचून दाखवतात आणि पुढे जातात. एखादी मोठी संख्या आतून कशी बांधलेली आहे, हे पाहण्याइतका वेळ अभ्यासक्रमात मिळत नाही. तो वेळ या सुट्टीत काढायचा आहे.

संख्येची निवड सहज झालेली नाही. ज्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, अशी संख्या कोणती, हा प्रश्न भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात विचारला आहे आणि सोडवलाही आहे. उत्तरात येणारी लहान संख्या २२,६१,५३,९८० आणि मोठी संख्या १,७६,६३,१९,०४९. जुन्या परिभाषेत ६१ ही प्रकृती, लहान संख्या हे कनिष्ठ मूळ, मोठी संख्या हे ज्येष्ठ मूळ आणि वर गुणाकारात मिळवलेला १ हा क्षेप होय. शून्य वगळता याहून लहान पूर्णांकांत हे समीकरण सुटत नाही. (कनिष्ठ मूळ मोठ्याने वाचताना लाखांच्या जागी ‘एकसष्ट लाख’ येते, याची गंमत पुतणीला वाटली. तो निव्वळ योगायोग आहे.)

६१ चे वैशिष्ट्य त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहिल्यावर लक्षात येते. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४ आणि ज्येष्ठ ३१ एवढ्यावर काम भागते, कारण १६ × ६० = ९६० आणि ३१ चा वर्ग ९६१. प्रकृती ६२ असेल तर ८ आणि ६३. या दोन साध्या घरांच्या मध्ये ६१ चे उत्तर मात्र अब्जात जाते. इ. स. १६५७ मध्ये फ्रान्समधील फर्मा यांनी हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीन गणितज्ञांपुढे ठेवला. भास्कराचार्यांच्या ग्रंथाची त्यांना माहिती नव्हती. पुढे ऑयलर यांच्या एका गैरसमजामुळे या समीकरणाला पेल यांचे नाव चिकटले आणि आजही पाठ्यपुस्तकांत तेच चालते. आमच्या वहीत आम्ही त्याला वर्गप्रकृती असेच म्हणणार आहोत.

६ मे

आधी उत्तर बरोबर आहे याची खात्री करावयास हवी होती. करवीर नगर वाचन मंदिरातून घरी येताना एका दुकानात बारा अंकी कॅल्क्युलेटर पाहिला, पण ज्येष्ठ मुळाचा वर्ग एकोणीस अंकी असल्यामुळे तो उपयोगाचा नव्हता. घरी संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये दोन्ही मुळे भरली, एकाचा वर्ग घेतला, दुसऱ्याच्या वर्गाला ६१ ने गुणले आणि वजाबाकी केली. उत्तर १ यावयास हवे होते. ते शून्य आले.

पुतणीला वाटले की भास्कराचार्य चुकले. प्रत्यक्षात स्प्रेडशीट संख्येचे साधारण पंधरा अंकच नेमके धरून ठेवते आणि त्यापुढील अंक तिच्या दृष्टीने धूसर असतात. एकोणीस अंकी दोन संख्यांमध्ये केवळ शेवटच्या अंकात फरक असेल, तर तो तिला दिसतच नाही. हवे तेवढे लांब पूर्णांक हाताळणाऱ्या संगणक भाषा आहेत आणि पुतणीला त्यांतील एक येतेही. तरीही हा प्रकल्प कागदावरच करायचा, असे ठरले. दुपारभर दोघांनी स्वतंत्रपणे गुणाकार केले. कनिष्ठ मुळाच्या शेवटी शून्य असल्याने त्याचा वर्ग तुलनेने सोपा गेला. रात्री कागद शेजारी ठेवले, तेव्हा दोघांचेही आकडे जुळले:

ज्येष्ठाचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१.
कनिष्ठाच्या वर्गाची ६१ पट ३११९८८२९८२८६०२६४४००.

८ मे

आजपासून अवयव पाडण्याचे काम सुरू केले. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या मागील कोऱ्या बाजू जोडून एक मोठा कागद केला, वर संख्या लिहिली आणि एकेका मूळ संख्येने भाग देत गेलो. ही संख्या स्वतः मूळ आहे की संयुक्त, हा पहिला प्रश्न. तिचे वर्गमूळ ४२,०२७ आणि ४२,०२८ यांच्या मध्ये पडते. म्हणजे ती मूळ असेल, तर ते सरळ मार्गाने सिद्ध करण्यासाठी ४२,०२७ पर्यंतच्या चार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागेल.

अंकांची बेरीज ४६ आली, म्हणून ३ ने भाग जात नाही. अकराच्या कसोटीसाठी एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा केल्या. त्या ३१ आणि १५ आल्या, फरक १६, म्हणून ११ बाद. ७, १३, १७, १९, २३, २९, ३१ आणि ३७ यांपैकी कोणानेही निःशेष भाग गेला नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर जायचे राहिले. संख्या बहुधा मूळ असावी, असे मी पुतणीला सांगितले. आठ-दहा भागाकारांवरून असे बोलणे शिक्षकाला शोभणारे नव्हते, हे येथे नमूद करतो.

९ मे

वळवाच्या पावसाने दुपारपासून वीज नव्हती. भागाकार पुढे नेले नाहीत.

११ मे

आज पद्धत बदलली. संख्या बाहेरून ठोकून पाहण्याऐवजी ती जिथून आली तिथून चालत यावे, म्हणून चक्रवाल पद्धतीने, म्हणजे लहान मुळांपासून तीच पायरी पुन्हा पुन्हा करत मोठ्या मुळांकडे नेणाऱ्या रीतीने, सगळे गणित पहिल्यापासून केले. पद्धतीचा पाया ब्रह्मगुप्तांची भावना, म्हणजे दोन उत्तरांपासून तिसरे जुळवण्याची रीत, हा आहे. त्यांचा ग्रंथ इ. स. ६२८ चा. प्रकृती तीच ठेवून ज्येष्ठ, कनिष्ठ आणि क्षेप यांची दोन त्रिके हाताशी असतील, तर पहिल्याचे ज्येष्ठ व दुसऱ्याचे ज्येष्ठ यांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट मिळवली की नवे ज्येष्ठ मिळते, तिरका गुणाकार करून बेरीज केली की नवे कनिष्ठ मिळते आणि क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप होतो.

सुरुवात अगदी लहान आहे. ६१ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३. आता अशी एक संख्या निवडायची की ती ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने निःशेष भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. १, ४, ७, १० या उमेदवारांत ७ योग्य ठरते, कारण ४९ आणि ६१ यांच्यात केवळ १२ चे अंतर आहे. तिच्यावरून नवे कनिष्ठ १५ ÷ ३ = ५, नवे ज्येष्ठ (५६ + ६१) ÷ ३ = ३९ आणि नवा क्षेप −१२ ÷ ३ = −४ मिळतो. ताळा असा की ३९ चा वर्ग १५२१ आणि ६१ × २५ = १५२५.

क्षेप ४ किंवा −४ आला की पुढे चक्र फिरवत बसण्याची गरज नाही, हे ब्रह्मगुप्तांना ठाऊक होते. दोन्ही मुळे निम्मी केली की क्षेपाचा चौथा हिस्सा होतो, म्हणून ३९/२, ५/२ आणि −१. या त्रिकाची स्वतःशीच भावना केली की १५२३/२, १९५/२ आणि १. या नव्या त्रिकाची आधीच्या त्रिकाशी भावना केली की अपूर्णांक निघून जातात आणि २९,७१८, ३,८०५, −१ हे पूर्णांक हाती येतात. पुतणीने हा टप्पा फळ्यावर तीनदा केला, कारण छेदात दोन दोनदा येऊन चार होतात आणि वरच्या १,१८,८७२ ला तो चार बिनतक्रार भाग देतो, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

शेवटची पायरी या त्रिकाची स्वतःशी भावना. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. ३,८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५. या दोन लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणजे आपली संख्या. लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक पूर्ण वर्ग आहे आणि तिच्या पुढचीच संख्या एका वर्गाची बरोबर ६१ पट आहे, हे मला मूळ समीकरणापेक्षाही सुंदर वाटते.

बेरीज केली आणि भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदाशी पडताळली, तर ती जुळेना. कागदावरची संख्या आलेल्या बेरजेपेक्षा ७२,००० ने जास्त होती.

आमचे घरमालक शाहूपुरीत एका गुळाच्या अडत दुकानी अनेक वर्षे दिवाणजी होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते चहाला आले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “बहात्तर न्हवं? नवानं भाग जातोय, मग आकडं उलटं पडल्यात. नव्वे आठ बहात्तर. ज्या दोन आकड्यांत आठाचा फरक हाय, ते शोधा.” पुतणीने शोधले. हजारांच्या जागी ‘१९’ लिहायचे ते मी भिंतीवरच्या कागदावर ‘९१’ लिहिले होते. या नोंदवहीत संख्या बरोबर होती; चूक केवळ त्या कागदावर उतरवताना झाली, आणि ८ मेचे सगळे भागाकार भलत्याच संख्येचे होते.

अण्णांचा नियम वह्या-खतावण्यांमध्ये घासून तयार झालेला असला, तरी त्याचे कारण बीजगणितात आहे. शेजारचे दोन अंक उलटले की होणारा फरक त्या अंकांच्या फरकाच्या नऊपट असतो आणि पुढे जागेनुसार शून्ये येतात; येथे ९ × ८ = ७२ आणि हजाराची तीन शून्ये. म्हणूनच नवाचा ताळा ही चूक पकडू शकत नाही. अंकांची बेरीज दोन्ही संख्यांची ४६ च येते. अकराचा ताळा मात्र पकडतो, कारण त्यात अंक कोणत्या जागी आहे याला महत्त्व असते.

आणि तो ताळा बरोबर संख्येवर लावताच दोन्ही बेरजा २३ आल्या. फरक शून्य. संख्येला ११ ने निःशेष भाग जातो. ती मूळ नाही.

१३ मे

कालचा दिवस शाळेच्या कामात गेला. आज जे हाती लागले, ते या प्रकल्पातील सर्वांत मोलाचे आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

ज्येष्ठ मुळातून १ वजा केला तर १,७६,६३,१९,०४८ उरतात. ही संख्या २ गुणिले २९,७१८ चा वर्ग आहे. ज्येष्ठ मुळात १ मिळवला तर १,७६,६३,१९,०५० होतात. ही संख्या १२२ गुणिले ३,८०५ चा वर्ग आहे. वर्गातून १ वजा करणे म्हणजे या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार करणे, हे आठवीतील सूत्र आहे. २ आणि १२२ यांचा गुणाकार २४४, म्हणजे ६१ गुणिले २ चा वर्ग. त्यामुळे ज्येष्ठाच्या वर्गातून १ वजा केल्यावर ६१ गुणिले (२ × २९,७१८ × ३,८०५) चा वर्ग उरतो आणि कंसातील गुणाकार २२,६१,५३,९८० येतो. सहा तारखेला आम्ही एकोणीस अंकी गुणाकारांत घालवलेली दुपार या चार ओळींत मावते. पुतणीने ते ऐकून पेन खाली ठेवले आणि ‘काका, हे आधी सांगायचं ना’ असे म्हटले. आधी मला तरी कुठे दिसले होते?

याच ओघात कनिष्ठ मुळाचे अवयवही विनासायास मिळतात. २९,७१८ = २ × ३ × ३ × १३ × १२७ आणि ३,८०५ = ५ × ७६१. त्यामुळे २२,६१,५३,९८० चे मूळ अवयव २ (दोनदा), ३ (दोनदा), ५, १३, १२७ आणि ७६१ असे होतात आणि एकूण विभाजक १४४.

ज्येष्ठ मूळ एवढ्या सहजासहजी फुटत नाही, कारण ते एक वर्ग आणि दुसऱ्या वर्गाची ६१ पट यांची बेरीज म्हणून आले आहे, गुणाकार म्हणून नव्हे. मात्र त्याच्याकडे येण्याचा दुसरा रस्ताही आहे. १५२३/२, १९५/२, १ या मधल्या त्रिकाची तीन वेळा भावना केली तरी आपण त्याच ठिकाणी पोहोचतो. क्षेप १ असलेल्या कोणत्याही त्रिकाची तिहेरी भावना केली, तर नवे ज्येष्ठ हे जुन्या ज्येष्ठाच्या पटीत येते. पट असते जुन्या ज्येष्ठाच्या वर्गाची चौपट वजा ३. नवे कनिष्ठ जुन्या कनिष्ठाच्या पटीत येते आणि तेथे पट असते तीच चौपट वजा १. येथे ज्येष्ठ १५२३/२ असल्यामुळे वर्गाची चौपट म्हणजे १५२३ चाच वर्ग, २३,१९,५२९. त्यातून ३ वजा करून निम्मे केले की ११,५९,७६३. १ वजा करून निम्मे केले की ११,५९,७६४.

१,७६,६३,१९,०४९ = १,५२३ × ११,५९,७६३
२२,६१,५३,९८० = १९५ × ११,५९,७६४

दोन मुळांमध्ये दोन लागोपाठचे अवयव लपलेले आहेत. दोन्ही गुणाकार कागदावर पुन्हा करून पाहिले. ते बरोबर आहेत. ११ मे रोजी फळ्यावर १५२३/२ लिहिले, तेव्हा अंतिम संख्येचा अवयव आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही छेदातल्या दोनवर वाद घालत होतो.

१४ मे

आता ११,५९,७६३ पूर्णपणे फोडायचे राहिले. त्याला ११ ने भाग जातो हे ११ मेच्या ताळ्यावरून स्पष्ट होते, कारण १,५२३ ला ११ ने भाग जात नाही. ११,५९,७६३ ÷ ११ = १,०५,४३३. पुढे पुन्हा आंधळे भागाकार सुरू करण्याआधी, कोणत्या मूळ संख्या येथे मुळात येऊच शकतात, हे तपासले.

आपल्या संख्येतून १ वजा केल्यावर एका वर्गाची दुप्पट उरते. म्हणजे ती ‘वर्गाची दुप्पट अधिक १’ या घाटाची आहे, आणि अशा संख्येला भाग देणारी प्रत्येक मूळ संख्या ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ३ ठेवते, हा सिद्ध झालेला नियम आहे. शिवाय ११,५९,७६३ ची दुप्पट म्हणजे १,५२३ चा वर्ग वजा ३. २ आणि ३ सोडून अशा संख्येला भाग देणाऱ्या मूळ संख्येची १२ ने भागल्यावर बाकी १ किंवा ११ असावी लागते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४ ने भागल्यावर बाकी १ किंवा ११ एवढेच पर्याय उरतात. या चाळणीतून पहिल्यांदा पडणाऱ्या मूळ संख्या ११, ५९, ७३, ८३, ९७ या आहेत. ७, १३, १७, १९, २३ या साऱ्यांना दारातूनच परत पाठवता आले.

१,०५,४३३ ला ११ ने पुन्हा भाग जात नाही. पुढची ५९. भागाकार पुतणीने केला: ५९ × १,७८७ = १,०५,४३३. बाकी काही नाही. १,७८७ चे वर्गमूळ ४३ पेक्षा कमी आहे आणि ४३ च्या आत चाळणीतून येणारी मूळ संख्या ११ एकटीच आहे. तिने भाग जात नाही. म्हणून १,७८७ मूळ. १,५२३ साठी बाराची अट लागू नसली तरी आठाची लागू आहे, त्यामुळे ४० च्या आत ३, ११, १७ आणि १९ एवढ्यांनीच पाहावे लागते. बाक्या अनुक्रमे २, ५, १० आणि ३ उरल्या. तीही मूळ.

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १,५२३ × १,७८७

चार हजार भागाकारांचा अंदाज बांधला होता. बोटांवर मोजता येतील एवढ्यांत काम झाले. चारही अवयवांना २४ ने भागले तर चारही वेळा बाकी ११ उरते. त्यांपैकी ११, ५९ आणि १,७८७ यांच्या बाबतीत नियमाचा वाटा आहे, १,५२३ च्या बाबतीत मात्र निम्मा योगायोग आहे, कारण तिच्यावर तिनाशी संबंधित कोणतेही बंधन नव्हते. हा फरक पुतणीला वहीत वेगळ्या शाईने लिहायला लावला. नियम आणि योगायोग एकाच रंगात लिहिले की वर्षभराने दोन्ही नियमच वाटू लागतात.

१६ मे

काही किरकोळ गुणधर्म आज उरकले.

चारही मूळ अवयव एकेकदाच येत असल्याने विभाजक सोळा. संख्या स्वतः सोडून उरलेल्या पंधरा विभाजकांची बेरीज १९,५६,१७,५९१ येते, म्हणजे संख्येच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी. परिपूर्ण संख्येपासून ती फारच दूर आहे. ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, कारण ११ ला ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि अशी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली की ती शक्यता संपते. एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट या रूपात मात्र ती आपण आधीच लिहिलेली आहे: १ अधिक २ गुणिले २९,७१८ चा वर्ग.

देवळालीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला हर्षद संख्या असे नाव दिले. कनिष्ठ मुळाच्या अंकांची बेरीज ३६ आहे. चार आणि नऊ हे दोन्ही त्याच्या अवयवांत असल्यामुळे ३६ ने भाग जातो आणि ६२,८२,०५५ मिळतात. म्हणजे कनिष्ठ मूळ हर्षद आहे. ज्येष्ठ मुळाच्या अंकांची बेरीज ४६ ही सम आहे आणि संख्या विषम, त्यामुळे तेथे प्रश्नच उद्भवत नाही. अंकांवर आधारलेले असे गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून असतात, संख्येच्या बांधणीवर नव्हे, म्हणून मी त्यांना फार महत्त्व देत नाही. पण शाळेत मुलांना प्रथम गोडी लागते ती यांचीच, आणि कापरेकरांचे नाव घेण्याची संधी मराठी शिक्षकाने सोडू नये.

१७ मे

६१ च्या वर्गमुळाचा अपूर्णांक म्हणून या दोन संख्यांचा उपयोग किती अचूक ठरतो, ते पाहिले. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागण्याचा लांब भागाकार अठरा दशांश स्थळांपर्यंत नेला. एका बाजूला मी आकडे सांगत होतो, दुसऱ्या बाजूला पुतणी बाक्या लिहीत होती. पहिली बाकी १८,३२,४१,१८९, आणि चौथ्या स्थळापर्यंत पोहोचेपर्यंत तिसऱ्या जागी शून्य आल्याने थोडा विसावा मिळाला. भागाकार ७.८१०२४९६७५९०६६५४३९५ असा आला. ६१ चे वर्गमूळ ७.८१०२४९६७५९०६६५४३९४ असे सुरू होते. पहिली सतरा दशांश स्थळे तंतोतंत सारखी आहेत आणि अठराव्यात एकाचा फरक पडतो. अपूर्णांक किंचित मोठा असणार, हे क्षेप +१ असल्यामुळे आधीच ठरलेले होते.

१९ मे

फर्मा यांनी १६५७ मध्ये ६१ बरोबर दुसरी प्रकृती सुचवली होती ती १०९ ची. तिचे ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी आहे आणि आठवड्यापूर्वी आम्ही त्याच्या वाटेला गेलो नसतो. आज आधी १०९ जवळ −४ क्षेप देणारे त्रिक शोधले: २६१ चा वर्ग ६८,१२१ आणि १०९ × ६२५ = ६८,१२५, म्हणून ज्येष्ठ २६१, कनिष्ठ २५. घडण हुबेहूब तीच. मधले ज्येष्ठ २६१ च्या वर्गात २ मिळवून, म्हणजे ६८,१२३. (६१ प्रमाणेच येथेही छेदात २ आहे, तो पुढे निम्मे करताना धरला.) त्याच्या वर्गातून ३ वजा करून निम्मे केले, तर २,३२,०३,७१,५६३ येतात, म्हणजे दोन अब्ज बत्तीस कोटी तीन लाख एकाहत्तर हजार पाचशे त्रेसष्ट. दोघांचा गुणाकार १५८०७०६७१९८६२४९. कनिष्ठ मूळ २६१ × २५ ला याच्या लगतच्या पुढच्या संख्येने गुणून, १५१४०४२४४५५१००. संपूर्ण काम एका पानावर झाले, आणि पान अजून अर्धे कोरे होते.

त्या उरलेल्या अर्ध्या पानावर पुतणीने मला न विचारता ६८,१२३ लिहिले, दोनदा वर लिहिलेल्या संख्येशी पडताळून पाहिले आणि सर्वांत आधी अकराची कसोटी लावली. १० आणि १०. तिने भाग दिला, आलेल्या ६,१९३ वर कसोटी पुन्हा लावली, पुन्हा भाग गेला, आणि खाली लिहिले: ११ × ११ × ५६३.